घराण्याचं गांभीर्य

माणसानं कशाला हसावं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, असं मानणारे लोक बहुधा कधी नोकरी केलेले नसतात. परवाना कार्यालयात हसण्याबाबत एकही लेखी नियम नव्हता आणि म्हणूनच तो काटेकोरपणे पाळला जाई. सोमवारच्या बैठकीत मोठे साहेब विनोद सांगत. (विनोद चार होते. ते आळीपाळीनं येत.) विनोद संपला की उपसाहेबांनी मान मागे टाकून हसायचं, मधल्या फळीनं टेबलावर थाप मारायची, आणि हंगामी कर्मचाऱ्यांनी साहेबांचं लक्ष जाईपर्यंत थांबायचं नाही. निवृत्तीला टेकलेले दोघेजण नुसतं स्मित करीत. तेवढी सवलत सेवाज्येष्ठतेमुळे मिळते.

या व्यवस्थेचा मुख्य आधार म्हणजे नूतनीकरणाच्या टेबलावरची खिदळी. हे तिचं कागदोपत्री नाव नव्हतं, पण त्या नावानं हाक मारली की ती लगेच वळून बघे आणि हसे. सगळ्या कार्यालयात खरोखरीचं हसू येणारी ती एकटीच होती. तिला साहेबांच्या विनोदाचं हसू येई, तो ऐकताना हलणाऱ्या उपसाहेबांच्या कानांचं येई, आणि 'खिडकी बंद' अशी पाटी लावून खिडकीतूनच डोकावणाऱ्या रोखपालाचंही येई. तिचं हसणं जिन्यापर्यंत ऐकू जाई आणि रांगेत ताटकळलेले लोक कारण नसताना हसू लागत. कामं होत नसत, पण तक्रारीही होत नसत.

मग ती बाळंत झाली, रजा संपवून कामावर आली, आणि पहिल्याच सोमवारी साहेबांच्या विनोदाला हसली नाही.

कारण अगदी साधं होतं. पोटुशी असताना एकदा तिला शिंक आली आणि कपडे ओले झाले. बाळ झालं की थांबेल, असं तिनं मनाला समजावलं. बाळ झालं, पण हे काही थांबलं नाही. खोकला आला, शिंक आली, बाळाला उचलायला वाकलं की तेच. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हसणं. खळखळून हसलं की लघवीचे थेंब आवरत नसत. ('थेंब' हा शब्द तिनं स्वतःची समजूत काढण्यासाठी निवडला होता.) ती गडद रंगाचे कपडे घालू लागली, दाराजवळची खुर्ची मागून घेतली, कार्यालयात पाणी पिणं सोडलं आणि खणात प्रलंबित अर्जांच्या खाली कपड्यांचा एक जोड ठेवला. तिथे तो अत्यंत सुरक्षित होता. हसू फुटायची वेळ आली की ती दात आवळून छताच्या पंख्याकडे बघत बसे.

डॉक्टरीणबाईंना तिनं विचारलं नव्हतं असं नाही.

"हसले की होतं हो. शिंकले तरी होतं."

"होतंच असं बाळंतपणानंतर," डॉक्टरीणबाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या.

"मग मी काय करू?"

"काही नाही. होतंच."

वैद्यकशास्त्रात 'होतंच' हा शब्द निदान, उपचार आणि निरोप अशा तिन्ही कामांना चालतो. मात्र तो सगळ्या अवयवांना लागू नाही. तिच्या नवऱ्याचा कोपर दुखत होता, तेव्हा त्याच इमारतीत कोपराचे फोटो काढले, पट्टा दिला आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

इकडे कार्यालयात हाहाकार उडाला. साहेबांनी विनोद पुन्हा सांगितला. ती पंख्याकडे बघत राहिली. उपसाहेबांचं हसणं अर्ध्यावर अडकलं. जेवणाच्या सुट्टीत सर्वांचं एकमत झालं, की बाईंच्या मागे वरचं कोणीतरी आहे. त्याशिवाय एवढी हिंमत होत नाही. पुढच्या सोमवारी साहेबांनी पाचवा विनोद आणला. पुन्हा पंखा. मग साहेबांना स्वतःचाच संशय येऊ लागला आणि त्यांनी वर्षभर अडवून ठेवलेली प्रकरणं दोन दिवसांत हातावेगळी केली. खिडकीवर येणारे अर्जदारही तिचा चेहरा पाहून कागद पुरे करून आणू लागले. शेवटी बढतीच्या समितीनं शिफारस केली: "सदर कर्मचाऱ्यांच्या ठायी मातृत्वामुळे धीरगंभीर वृत्ती विकसित झाल्याचे निदर्शनास आले असून, त्यांची दक्षता अधिकारी या पदावर नेमणूक करणे उचित ठरेल." त्यानंतर बढतीची आशा असलेले सगळेच पुरुष पंख्याकडे बघू लागले. एवढे लोक बघतात म्हटल्यावर तो पंखा एकदाचा पुसला गेला.

घरीही तिचा मान वाढला. सासऱ्यांचा एक सिद्धांत होता. "आमच्या घराण्यात बायका खिदळत नाहीत," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "सून येते तेव्हा हसरी असते. पहिलं मूल झालं की वळण लागतं." पुराव्यादाखल ते थोरल्या सुनेकडे बोट दाखवत. ती पहिल्या मुलापर्यंत मोकळी हसे, दुसऱ्यापर्यंत बेताची, आणि पुढे मुळीच नाही. सासूबाईंना तर हसताना पाहिलेला माणूस हयात नव्हता. एवढा आकडेवारीला चिकटून बसणारा सिद्धांत मोठमोठ्या विद्वानांनाही साधत नाही.

एका रविवारी दुपारी ती बाळाचे कपडे घडी करत बसली होती. तिनं एक दुपटं झटकलं आणि बाळ खदखदून हसलं. आवाज काढून हसण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. तिनं पुन्हा झटकलं, ते पुन्हा हसलं, पार उचकी लागेपर्यंत. तिच्याही पोटातून हसू उसळलं. तिनं पटकन पायाला पाय आवळले, ओठ दाबले आणि सवयीनं छताकडे बघितलं. बाळानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते हसायचं थांबलं. अगदी उपसाहेब थांबले होते तसं.

तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. बढती गेली खड्ड्यात, आपल्या लेकराला आई म्हणजे हा दगडी चेहराच आठवणार, या विचारानं तिला रडू कोसळलं. (रडताना काही होत नाही. बायकांसाठी निसर्गानं एवढी सोय मात्र करून ठेवली आहे.)

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. टुकुटुकु बघणारं बाळ, आवळलेले पाय, भिजलेले डोळे, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"कपडे बदलायचेत का?" त्यांनी विचारलं.

ती बघतच राहिली. सासूबाईंनी आत येऊन दार लोटलं.

"मला धाकट्याच्या वेळेपासून आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आई, तुम्ही हसत नाही ते..."

"मला सगळे विनोद कळतात गं. ह्यांचे सोडून."

"मग कुणाला बोलला नाहीत कधी?"

"सासूबाईंना विचारलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, होतंच. त्याही कधी हसायच्या नाहीत."

अशा रीतीनं घराण्याच्या गांभीर्याचा उगम सापडला. जाऊबाईंना बोलावून विचारलं, तर त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटायचं, मी एकटीच." 

तिघी मिळून दवाखान्यात गेल्या. व्यायामोपचाराची खोली मोडक्या खाटांच्या पलीकडे होती, आणि तिची पाटी दार उघडलं की दाराआड जाई. तिथल्या बाईंनी तिघींचं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, की यात लाजण्यासारखं काही नाही, खालचे स्नायू सैल पडलेत. लघवी रोखताना आवळतो तसे ते आवळायचे, थोडा वेळ धरायचे, सोडायचे. श्वास चालू ठेवायचा. पाणी तोडायचं नाही. रोज करायचं, आणि काही महिने धीर धरायचा.

"एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

"पुष्कळजणींना एवढ्यानं फरक पडतो. नाही पडला तर पुढचे उपाय आहेत."

"मग हे आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"डॉक्टर म्हणतात, कुणी विचारत नाही."

या व्यायामाची थोरवी अशी, की त्याला ना जागा लागते ना उपकरण. तो बसल्या जागी, चारचौघांत करता येतो. चेहऱ्यावर फक्त किंचित एकाग्रता दिसते. त्यासाठी तिघींनी रात्रीच्या जेवणानंतरची वेळ निवडली, कारण तेव्हा सासरे आपल्या नोकरीतल्या आठवणी सांगत. आपलं बोलणं घरात इतक्या तन्मयतेनं पूर्वी कधीच ऐकलं गेलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आठवणी वाढवल्या. कार्यालयात तिनं हिशेब शाखेतल्या बायकांच्या कानावर ही गोष्ट घातली. त्यानंतर साहेबांनी शिस्त या विषयावर केलेल्या भाषणात महिलांची आख्खी रांग निश्चल बसून होती. महिला कर्मचाऱ्यांची ग्रहणशक्ती वाढल्याचं साहेबांनी वार्षिक अहवालात नमूद केलं.

असे काही महिने गेले. एका संध्याकाळी सासरे पाहुण्यांना सिद्धांत सांगत होते. "पहिलं मूल झालं की वळण लागतं," असं ते म्हणाले मात्र, आणि सासूबाईंच्या नाकातून फुस्स असा आवाज आला. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि खिदळी हसली, पूर्वीसारखी, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशी. मग तिघी हसतच सुटल्या. बाळ आधी बघत राहिलं आणि मग टाळ्या पिटत त्यांच्यात सामील झालं. तिनं थांबून अंदाज घेतला. कोरडं होतं. मग ती आणखी हसली. सासऱ्यांनी पाहुण्यांची माफी मागितली आणि घरात वाईट वारं शिरल्याचं सांगितलं.

पुढल्या सोमवारी बैठकीतही तिला हसू आलं, पण साहेब त्या वेळी विनोद सांगत नव्हते. दक्षता पद काढून घेण्यात आलं. तो आदेशही तिनं हसत हसत घेतला.

वाचकांनी या हकिकतीला मनमुराद हसायला हरकत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी तर अवश्य हसावं. हसून झालं की ती घरी मोठ्यानं वाचून दाखवावी आणि कोण हसत नाही ते बघावं. आई तशी मनानं फार चांगली आहे, फक्त तिला विनोद कळत नाही, असं आपण इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोच आहोत.