रिसबूड आणि एक संशयित क्रियापद

रिसबूड पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आमची तुपाची बरणी उलटी धरली.

सहासष्ट सालचा डिसेंबर होता. ह्यांची बँकेत सुरतेला बदली झाली होती, मला म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत नोकरी मिळाली होती, आणि नवसारी बाजाराच्या मागच्या एका दुमजली घरात आम्ही वरच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. सामान अजून पुरतं लावून झालं नव्हतं. शेजारच्या दारातून एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ आले, "मी रिसबूड, शेजारी," एवढं म्हणाले आणि सरळ स्वयंपाकघरात शिरले. फळीवरची बरणी उचलली, झाकण काढलं आणि उलटी केली. तूप पडलं नाही. त्यांनी घड्याळ पाहिलं, खिशातून कागदाचा कपटा काढून त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे वळले.

"कधी थिजलं हे?"

"मला काय माहीत?"

"काल संध्याकाळी पातळ होतं का?"

"काल संध्याकाळी आम्ही गाडीत होतो."

"यात काहीतरी आहे," असं म्हणून त्यांनी बरणी होती तिथे ठेवली आणि निघून गेले.

मी धुमसत राहिले. माझ्या आईनं घरी कढवलेलं तूप, आणि हा माणूस त्यात भेसळ शोधतो! दोन दिवसांनी त्यांच्या बायकोनं, उमाकाकूंनी, भाजी निवडता निवडता माझी समजूत काढली. "तुझ्या तुपावर संशय नाही गं त्यांचा. एका शब्दावर आहे. इंग्रजी आहे मेला."

तो शब्द होता कंजील. घट्ट होणे, थिजणे, साकळणे.

रिसबूड उधन्याला एका छपाईच्या मिलमध्ये इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत. आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी थंडीत तिथे एक प्रकार घडला होता. छपाईच्या रंगात घालायचा डिंक पिंपातल्या पिंपात घट्ट झाला. रिसबूडांनी मुंबईच्या पुरवठादाराला पत्र टाइप केलं, 'द गम हॅज कंजील्ड.' मिलमध्ये नवा मॅनेजर आला होता, तरुण, इंग्रजी शाळेत शिकलेला. त्यानं लाल पेन्सिलनं तो शब्द खोडला आणि सगळ्या ऑफिसदेखत म्हणाला, "रिसबूड, ब्लड कंजील्स. गम सेट्स. पिंपात कोणाचा खून झालाय का?"

ऑफिस हसलं. रिसबूडांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि वाचनालयात जाऊन सगळ्यात जाडा इंग्रजी कोश मागितला. तेव्हापासून त्यांचा तपास चालू होता.

हा तपास मला किमान चाळीस वेळा ऐकावा लागला आहे, त्यामुळे तो मी त्यांच्याच शब्दांत सांगू शकते. "सुमन, सहाशे वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा काय काम करत होता? पाणी गोठवत होता! नद्या कंजील व्हायच्या, तळी कंजील व्हायची. स्फटिक म्हणजे कायमचा कंजील झालेला बर्फ, असं मोठमोठे पंडित लिहून गेलेत. जेली, जिलेटिन ही सगळी याच्या नात्यातली. आणि आज? आज नदी कंजील झाली म्हणा, पोरंसोरं हसतील. पाण्याचं सगळं काम गेलं फ्रीज या क्रियापदाकडे. याच्याकडे उरलं काय? रक्त, चरबी आणि ताटात गार झालेला रस्सा. एवढी मोठी जागा हातची जाते, आणि कुठे चौकशी नाही, पंचनामा नाही! यात काहीतरी आहे."

"काही नाही त्यात," काकू आतून म्हणत. "तूप थिजतं, पाणी गोठतं, रक्त साकळतं, खीर आळते, दही लागतं. ज्याचं त्याला दिलं की भांडण होत नाही. तुमच्या इंग्रजांना एवढंसुद्धा जमलं नाही, आणि त्यांनी राज्य केलं म्हणे."

काकूंचं बोलणं असं होतं. त्यांना शब्द शोधावा लागत नसे. रिसबूड कपट्यावर काहीतरी लिहून घेत.

हे कपटे म्हणजे मिलच्या साड्यांना लावायच्या चिठ्ठ्या. त्यांची मागची बाजू कोरी असे. कुठल्याही छापील मजकुरात कंजील किंवा त्याचा कोणी भाऊबंद दिसला, की रिसबूड तो कपट्यावर उतरवत आणि साडीच्या रिकाम्या खोक्यात टाकत. औषधांच्या बाटल्यांतले कागद, जुनी इंग्रजी मासिकं, रंगांच्या डब्यांवरच्या सूचना, काही सुटत नसे. आणि नुसतं छापील पुरत नसे. थंडी पडली की ते घराघरांतून प्रत्यक्ष पाहणी करत हिंडत. कोणाचं खोबरेल, कोणाचं तूप, कोणाच्या पिठल्यावर आलेली साय. पाहायचं, घड्याळ बघायचं, लिहायचं, निघून जायचं.

खाली रमणभाई आणि कंचनबेन राहत. रमणभाईंचा जरीचा धंदा. आपल्या घरात येऊन, इकडेतिकडे बघून, वेळ लिहून नेणारा माणूस जरीच्या व्यापाऱ्याला कसा वाटेल? त्यांची खात्री पटली की रिसबूड इन्कमटॅक्सचे खबरे आहेत. वर्षभर त्यांनी रिसबूडांना बघून माल आत घ्यायचा, दार लोटायचं, असं केलं. रिसबूडांना ते लोटलेलं दार दिसलं, आणि त्यांनी मला हळूच सांगितलं, "हा रमणभाई काहीतरी लपवतोय."

शेवटी रमणभाई ह्यांना घेऊन वर आले. बँकेतला माणूस साक्षीला असलेला बरा. रिसबूडांना म्हणाले, "काका, खोखुं उघाडो." खोकं उघडा, बघू या काय लिहिता. रिसबूडांच्या आयुष्यात ते खोकं बघायला आपणहून कोणी आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला. रमणभाईंनी वरचा कपटा उचलला, डोळ्यांजवळ नेला. दुसरा उचलला. तिसरा उचलला. प्रत्येकावर एकच नाव.

"आ कंजील कोण छे?" त्यांनी घाबरून विचारलं. "पारसी पार्टी छे?"

रिसबूडांनी त्यांना खाली बसवलं आणि दोन तास सगळं सांगितलं. रमणभाई बाहेर आले ते डोकं धरून. पण त्या दिवसापासून त्यांचं दार उघडं राहिलं, आणि जिन्यात भेट झाली की ते काळजीनं विचारू लागले, "काका, पेला कंजीलनुं शुं थयुं?" त्या कंजीलचं काय झालं? आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं.

सत्तर साली कंचनबेनकडे फ्रिज आला. आमच्या गल्लीतला पहिलाच. फ्रिजला कुंकू लावून झालं, नारळ फुटला. त्याच्याबरोबर इंग्रजी माहितीपुस्तिका होती, आणि घरात इंग्रजीचे जाणकार म्हणजे रिसबूडकाका. कंचनबेननं ती त्यांना वाचायला दिली आणि ते सांगतील त्याप्रमाणे बटण दाबायचं ठरलं.

पुस्तिका सोळा पानांची होती. रिसबूडांनी ती अकरा दिवस वाचली. फ्रीज कुठे वापरलंय, सेट कुठे, चिल कुठे, हे सगळं त्यांनी उतरवून काढलं. तोवर फ्रिज चादर पांघरून उभा होता. रोज कंचनबेन जिन्यातून विचारायच्या, "काका, चालू करीए?" आणि वरून उत्तर यायचं, "थोभो!" थांबा. सातव्या दिवशी त्यांनी वैतागून आत पापड आणि लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

बाराव्या दिवशी रिसबूड खाली उतरले. "चालू करा," म्हणाले, "पण लक्ष ठेवा. या कपाटाचं नाव फ्रिज, आणि पाण्याचं काम बळकावणाऱ्याचं नाव फ्रीज. दोघांचा खरं म्हणजे काही संबंध नाही. नाव सारखं ठेवून घरात शिरलाय." पुढे सरकारनं महागाई भत्त्याची वाढ रोखली आणि पेपरात तोच शब्द आला, तेव्हा ते ह्यांच्यासमोर पेपर नाचवत म्हणाले, "बघा! पाणी झालं, कपाट झालं, आता पगारात शिरला!"

एका रविवारी मात्र ते गप्प गप्प आले. चहा घेतला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चूक माझी झाली. आणखी जुन्या नोंदी मिळाल्या. फ्रीज तिथला मूळचाच होता. कंजील मागून आला, लॅटिनमधून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत. त्याचं कोणी काही बळकावलं नाही. तोच बाहेरचा."

"मग आता तपास बंद?" मी आशेनं विचारलं.

"बंद कसा? आलाय तो लांबून. मिळेल ते काम करतोय बिचारा." मग कप खाली ठेवून म्हणाले, "फ्रीजची माफी मागण्याची मात्र काही गरज नाही."

पंचाहत्तरची संक्रांत झाली. पतंगांचे फाटके कागद अजून तारांवर लटकत होते. शाळेला निघताना मला शेजारून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ रिसबूडांची हाक. काकू ओट्याजवळ पडल्या होत्या. डोळे उघडे होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. त्या काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होत्या आणि शब्द येत नव्हता. रमणभाईंनी गाडी काढली. आम्ही तिघांनी त्यांना उचलून खाली नेलं.

इस्पितळात दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसलो. रिसबूडांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि हिंदीत म्हणाला, "काका, दिमाग की नस में क्लॉट है. खून जम गया है."

रिसबूड उठले. "जम गया म्हणजे? इंग्रजीत सांगा. कंजील झालंय की कोॲग्युलेट?"

डॉक्टर बघतच राहिला. "क्लॉट, काका."

"ते नाम झालं. मी क्रियापद विचारतोय. कंजील की कोॲग्युलेट?"

"क्या फर्क पड़ता है?"

"फर्क आहे! नक्की कुठला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत बायको तशी पडलेली, आणि हा माणूस इथे खोक्यातले कपटे काढतोय! डॉक्टर घाईनं निघून गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "काका, लाज वाटत नाही तुम्हाला? आजसुद्धा तेच?"

ते खाली बसले.

"सुमन," ते म्हणाले, "कंजील झालं असेल तर सुटतं गं. तूप थिजतं, ऊब दिली की सुटतं. बर्फ सुटतो. कोॲग्युलेटचं तसं नाही. अंडं एकदा उकडलं की उकडलं. ते मागे येत नाही. मी सगळे कपटे आठवून बघतोय. एकासुद्धा कपट्यात ते मागे आलेलं नाही." मग म्हणाले, "म्हणून विचारत होतो."

मी तशीच उठले आणि डॉक्टरला शोधून काढलं. त्याला जमेल तसं समजावलं. तो परत आला. या वेळी रिसबूडांच्या शेजारी बाकावर बसला. "काका," तो म्हणाला, "आपका सवाल सही है. जवाब हमारे पास भी नहीं है. थोडे हफ्ते रुकना पड़ेगा."

"रुकतो," रिसबूड म्हणाले.

पाच आठवड्यांनी काकू घरी आल्या. उजवा पाय हळूहळू सुधारला. हात नाही सुधारला. बोलणं आलं, पण शब्दांची सगळी मांडणी विस्कटून आलं. चष्मा हवा असला की त्या आगगाडी मागायच्या. खिडकी उघडा म्हणायचं असलं की "गुरुवार, गुरुवार" म्हणायच्या. आपण चुकलो हे त्यांना कळायचं, मग त्या डोळे मिटून घ्यायच्या. डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज सराव घ्या, चुकलं की सुधारा.

रिसबूडांनी मिल सोडली. निवृत्तीला दोन वर्षं होती, पण ते थांबले नाहीत. रोज सकाळी काकूंचा हात मांडीवर घेऊन ते त्याला कोमट तेल चोळत बसत. सराव किती घेत, याबद्दल मला संशय होता. शेजारून कधी ऐकू येत नसे. आपण शिक्षिका आहोत, हे काम आपणच करायला हवं, असं ठरवून मी एका दुपारी शाळेतून परस्पर त्यांच्याकडे गेले.

काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. मग त्या रिसबूडांकडे वळल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "अहो, हिला भिंत द्या."

रिसबूड लगेच उठले आणि स्टोव्ह पेटवायला गेले.

मी काकूंच्या जवळ सरकले. वर्गात काढते तसा आवाज काढून म्हटलं, "काकू, भिंत नाही. चहा. म्हणा बरं, चहा."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"सुमन," रिसबूड आतून म्हणाले. स्टोव्हच्या आवाजातही ते बोलणं मला नीट ऐकू आलं. "काय पाहिजे ते कळलं ना? मग झालं."

ते तीन कप घेऊन बाहेर आले. माझा माझ्या हातात दिला, आपला खाली ठेवला. तिसरा कप बशीत ओतला, फुंकर घातली, एक बोट बुडवून पाहिलं. मग खाटेच्या कडेला बसून त्यांनी बशी काकूंच्या ओठांशी धरली.

"घे," ते म्हणाले. "भिंत घे. गरम आहे, हळू."