आबासाहेब खांबेटे यांची उमेदवारी

आबासाहेब खांबेटे निवडणुकीच्या सभेत भाषणाला उभे राहिले की पहिली वीस मिनिटे विरोधी उमेदवाराची स्तुती करीत. टोमणा म्हणून नव्हे, अगदी मनापासून. "दामूअण्णांनी गोदाघाटावरच्या दिव्यांसाठी केलेली खटपट आपण विसरता कामा नये," असे ते नाशिकच्या रविवार कारंजावर जमलेल्या पन्नास-साठ माणसांना बजावीत. मग स्वतःच्या पक्षाविषयी पाच मिनिटे बोलत, आणि त्यातली दोन पक्षाच्या चुकांवर खर्च करीत.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली वकिली शिकत होतो. खटल्यांचे कागद एका काखेत आणि पक्षाची हँडबिले दुसऱ्या काखेत, असा मी नाशिकभर हिंडत असे.

पक्षाचे नाव सनदशीर सुधारणा पक्ष. कर बेताचे असावेत, गटारे वाहती असावीत, सुधारणा व्हावी पण घाईने होऊ नये, एवढे त्याचे म्हणणे. तिसाच्या सालानंतरचे ते दिवस घाईचेच होते. जो तो तुरुंगात जात होता किंवा जाऊन आला होता. आबासाहेब तुरुंगात निघालेल्यांना हार घालायला जात आणि कायदा मोडणे बरे नव्हे, हेही त्यांना तिथेच सांगत. हार घालून घेणारा हसे. त्यांच्यावर कोणी रागावल्याचे मला आठवत नाही.

पक्षात पाच माणसे होती. त्यांतले एक काशीला गेले ते परत आलेच नाहीत, एकाने खादी घातली, एकाचे कान गेले. त्यामुळे दर महिन्याच्या सभेला गणसंख्या भरत नसे. आबासाहेब घड्याळ समोर ठेवून अर्धा तास वाट पाहत, सभा तहकूब करीत आणि लगेच तहकूब सभा भरवीत. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. "सगळं रीतसर झालं पाहिजे, भालेराव," असे म्हणून ते मला इतिवृत्त लिहायला सांगत.

या पक्षाने माझ्या माहितीत चार निवडणुका लढवल्या. चारही वेळा उमेदवार आबासाहेब, आणि चारही वेळा ते पडले. लोकल बोर्डाच्या निवडणुकीत आम्ही टांग्याने पिंपळगाव बसवंतला गेलो होतो. तिथल्या एका पाटलाने सगळे भाषण मन लावून ऐकले आणि म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी लय चांगले हाय. पन समोरचा मानूस किती चांगला हाय ते आमाला आज तुमीच सांगितलं. मंग त्यालाच देतो मत."

"जरूर द्या," आबासाहेब म्हणाले. "फक्त विचार करून द्या."

परत येताना मी जरा चिडूनच म्हटले, "आबासाहेब, आपण पडायला उभे राहतो का?"

"नाही हो. पण त्या माणसाने आज दोन्ही बाजू ऐकून मत ठरवलं. असं अख्ख्या तालुक्यात किती जणांनी केलं असेल?" आणि ते पिंपळगाव ते ओझर खुशीत गुणगुणत होते.

पार्वतीबाई, म्हणजे त्यांची पत्नी, मतदार होत्या. घर त्यांच्या वडिलांकडून आलेले, घरपट्टी त्यांच्या नावावर, आणि तेव्हा मताचा हक्क घरपट्टीवर ठरे. प्रत्येक मतदाराला जातीने भेटायचे हा आबासाहेबांचा नियम. म्हणून ते कोट-पगडी चढवून, हातात हँडबिल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहत. "मी नगरपालिकेसाठी उभा आहे. आपलं मत मिळावं अशी विनंती आहे."

पार्वतीबाई पोळी उलटत म्हणत, "ठेवा तिथे कागद. वाचून मग सांगते."

मतदान गुप्त असते म्हणून त्यांनी बायकोला पुढे कधी विचारले नाही. पार्वतीबाईंनीही सांगितले नाही. मूलबाळ नव्हते. दुपारच्या चहाला दोघेही एकमेकांना "अहो" म्हणत गप्पा मारत बसलेली मी कितीदा पाहिली आहेत.

शेवटच्या निवडणुकीआधीच्या वर्षी पार्वतीबाई तापाने गेल्या. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी आबासाहेब कचेरीत येऊन बसले. काम तेच, बोलणे तेच. चहा मात्र त्यांनी सोडला.

त्यांचे आणखी एक वेड सांगायला हवे. मतदारांची यादी नगरपालिकेत लागली की आठ दिवस ते पेन्सिल घेऊन तिच्यापुढे उभे असत. वॉर्डातले जे कोणी वारले असेल त्याचे नाव कमी करण्यासाठी रीतसर अर्ज करीत, मग तो मनुष्य त्यांचा हक्काचा मतदार का असेना. एकदा त्यांनी चुकून जिवंत माणसाचे नाव काढले. तो दारात येऊन म्हणाला, "वकीलसाहेब, मी अजून हाय." आबासाहेबांनी त्याची माफी मागितली आणि त्याचे नाव परत घालण्याचा अर्जही स्वतःच लिहून दिला.

त्या शेवटच्या निवडणुकीत मात्र आमचे काही वेगळेच जमून आले. दामूअण्णांवर लोक नळाच्या पाण्यावरून नाराज होते. तांबट आळीतला सखाराम आमच्या बाजूने झपाटल्यासारखा फिरत होता. आबासाहेबांनी त्याचा जागेचा खटला लढवून त्याचे दुकान वाचवले होते. "औंदा वकीलसाहेब येतात," असे तो भेटेल त्याला सांगे. मलाही ते खरे वाटू लागले.

मतदानाच्या दिवशी मी आमच्या पक्षाचा प्रतिनिधी म्हणून शाळेतल्या केंद्रावर बसलो होतो. दुपारी एक पन्नाशीची बाई आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. अधिकाऱ्याने नाव विचारले.

"पार्वतीबाई गनपतराव खांबेटे," ती म्हणाली.

गणपतराव म्हणजे आबासाहेबच. मी यादी पाहिली. नाव होते. वॉर्डातल्या सगळ्या मृतांची नावे गेली होती आणि हे एक राहिले होते. तेवढ्यात मतदारांना नमस्कार करीत आबासाहेब दारातून आत आले. अधिकारी त्यांना ओळखत नव्हता. त्याने यादीवर बोट ठेवून पुन्हा मोठ्याने विचारले, "पार्वतीबाई गणपतराव खांबेटे, बरोबर?"

आबासाहेब जागच्या जागी थांबले. मग त्या बाईजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"तांबट आळीतल्या सखारामभाऊनं. म्हनला, नाव सांग आन् कागुद पेटीत टाक. माजं काय चुकलं का दादा?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. ऊन फार आहे, माठातलं पाणी प्या आणि घरी जा." ती गेल्यावर ते अधिकाऱ्याकडे वळले. "यादीतल्या या मतदार म्हणजे माझ्या पत्नी. त्या गेल्या वर्षी वारल्या. नाव कमी करण्याचा अर्ज मी द्यायला हवा होता. तो दिला नाही, ही माझी चूक. तशी नोंद करा."

बाहेर सखाराम खाली मान घालून उभा होता. "तुमी एकदा तरी निवडून यावं म्हून केलं साहेब," तो म्हणाला. आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला कळतं ते. पण पुन्हा नको."

ही हकीकत तासाभरात वॉर्डभर झाली. खांबेटे मेलेल्या बायकोच्या नावाने मते घालतात, असा तिला आकार येत गेला. आम्ही अकरा मतांनी पडलो. आबासाहेब हार घेऊन दामूअण्णांकडे गेले आणि पुढच्या कामाला त्यांना शुभेच्छा देऊन आले.

पुढच्या सोमवारी त्यांनी मला बोलावले. "भालेराव, एक अर्ज लिहायचाय. तुम्हीच लिहा, माझं अक्षर आज नीट येत नाही."

मी दौत ओढली. त्यांनी मायना सांगितला, वॉर्ड सांगितला, यादीतला क्रमांक न पाहता सांगितला, नाव सांगितले.

"नाव कमी करण्याचं कारण?" मी विचारले, आणि सवयीने 'म' काढला.

त्यांनी कागदावर बोट ठेवले. "खोडा ते," ते म्हणाले. "'परगावी गेल्या आहेत' असं लिहा."

"आबासाहेब, ते खरं नाही. नगरपालिकेत चालायचं नाही."

"वीस वर्षं मी तिथे अर्ज देतोय," ते म्हणाले. "एवढा एक चालवून घेतील."

मी तसे लिहिले. त्यांनी खाली सही केली. नगरपालिकेतल्या कारकुनाने तो अर्ज दोनदा वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्यावर शिक्का मारला.