कुशाबांच्या चष्म्याची तक्रार

कुशाबांनी सकाळी द्रौपदाकडे चष्मा परत पाठवला. निरगुडसर आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर चष्मे विकायचं काम तिने नुकतंच हाती घेतलं होतं आणि ही तिची पहिलीच तक्रार होती.

काम देणारी पुण्याची संस्था पूर्वी चष्मे फुकट वाटायची. ते घरोघरी खुंटीला लटकून राहिले. कोणाला बसत नव्हते, कोणाला त्यातून दिसत नव्हतं, पण फुकटच्या वस्तूबद्दल बोलायचं कसं म्हणून सगळे गप्प. शेवटी २००३ साली संस्थेने ठरवलं, की डॉक्टरांकडून नंबर काढून घ्यायचा, चष्मा परवडेल असा विकायचा, विकणाऱ्या बाईने त्यावर आपलं घर चालवायचं आणि गिऱ्हाईक भांडायला आलं तर आनंद मानायचा. तक्रार मिटली नाही तर मात्र काम दुसऱ्या बाईकडे जायचं. द्रौपदाला आनंद मानणं अजून जमत नव्हतं.

दिवस कलताना ती चष्मा घेऊन निघाली. कुशाबा मूळचे ओतूरकडचे. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे, शीलाकडे, मळ्यातल्या घरात राहायला आलेले. ते बांधावरच बसले होते. चष्म्यातून सगळं लख्ख दिसतं, अगदी पारगावच्या कारखान्याचं धुराडंसुद्धा, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"मग बिघडलंय काय, बाबा?"

"सोमाजी दिसत न्हाई ह्यातून."

सोमाजी म्हणजे पलीकडच्या शेतातला माणूस. कुशाबा आल्यापासून रोज सांजेला तो बांधापलीकडे येऊन उभा राहायचा आणि दोघांच्या गप्पा व्हायच्या. कुशाबांना तो नुसता पांढुरका दिसायचा. बोलायचा कमी, पण शहाण्यासारखं बोलायचा. चष्मा आला आणि त्या जागी फक्त एक बुजगावणं दिसायला लागलं.

द्रौपदाने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. समोर बाजरीत हात पसरून बुजगावणं उभंच होतं. तिने हळुवार शब्दांत समजावलं, की चष्मा बरोबर आहे, इतके दिवस नजरच चुकत होती.

कुशाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बुजगावण्याचं गुडघं दुखत्यात व्हय?" त्यांनी विचारलं.

आता साक्षीदारच हवा म्हणून तिने पलीकडे गवत कापणाऱ्या हौशीरामला हाक मारली. शेत त्याचंच. शीलाच्या आणि त्याच्या घरात बांधाच्या वादावरून अबोला होता, म्हणून तो जरा लांबच उभा राहिला.

"ते बुजगावणं व्हय? आठ दिस झालं रोवून. बाजरी भरली तवा."

"आन् त्याच्या आधी काय व्हतं तिथं?" कुशाबांनी विचारलं.

"काय न्हाई."

मग कुशाबांनी आपल्या सोबत्याचं नाव सांगितलं. हौशीरामच्या हातातला विळा खाली आला. सोमाजी त्याचे वडील. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

द्रौपदाने पुन्हा एकदा बुजगावण्याकडे पाहिलं. पण तक्रार ती तक्रार. तिने चष्मा कुशाबांच्या हातात दिला. "बाबा, चष्मा दिसभर घाला. सांजच्याला काढून ठेवत जावा."

डॉक्टरांनी चष्मा सतत घालायला सांगितलं होतं, त्यामुळे कुशाबांना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी डोळ्यांवर चढवायला घेतलेला चष्मा तसाच मांडीवर ठेवला, बाजरीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "आला," ते म्हणाले. मग गुडघ्यांची चौकशी झाली, पावसाचं बोलणं झालं. ऐकू यायचं ते फक्त कुशाबांचं. मध्ये ते थांबून मान हलवायचे. एकदम ते हौशीरामकडे वळले.

"तुजा बा म्हंतोय, माजा सदरा बुजगावण्याला घातलास त्याचं काय न्हाई, पर ट्रंकेच्या तळाचा नवा कशापायी काढलास?"

हौशीराम अबोला विसरून कुशाबांजवळ आला. तो सदरा कुठून काढला हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

द्रौपदाने कागदावर 'तक्रार मिटली' असं लिहिलं, कुशाबांचा अंगठा घेतला आणि मागे न पाहता घर गाठलं.

पुढच्या तपासणीला रांगेत पहिला हौशीराम. त्याची नजर घारीसारखी. डॉक्टरांना म्हणाला, "सगळं अंधुक दिसंल असा द्या." त्याच्यामागे धडधाकट डोळ्यांची आणखी अकरा माणसं तेच मागायला उभी होती. त्यांना परत पाठवलं तेव्हा रोख पैसे देऊनही माल मिळत नाही म्हणून ती द्रौपदाशी भांडली. निरगुडसरात एवढी मागणी कशी, हे पाहायला संस्थेच्या मॅडम पुण्याहून आल्या.

द्रौपदाने त्यांना समाधानी गिऱ्हाईक म्हणून कुशाबांकडे नेलं. परतताना ऊन उतरलं होतं. बांधावर मॅडमनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढला आणि ओढणीने धूळ पुसता पुसता शेताकडे पाहिलं.

"अगं, ते काका आपल्याला हात का करताहेत?"

द्रौपदाने पाहिलं. शेत मोकळं होतं. बाजरी काढून महिना झाला होता. बुजगावणं हौशीरामने केव्हाच उपटलं होतं.

"मॅडम, चष्मा घाला आदी," ती म्हणाली. "न्हाई तर एसटी चुकंल."