अडीच बीप

वसई मॉडेल बोट मंडळाची वार्षिक स्पर्धा जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी होत असे, आणि २००७ सालापर्यंत तिच्यात बोटी बुडण्यापलीकडे काही गैर घडल्याची नोंद नाही. मंडळाचे सभासद सात. होळी बाजाराच्या पुढे, केळीच्या वाड्यांमागे एक मोठं बावखल आहे. वाड्यांना पाणी पुरवणारं हे तळं रविवारी सकाळी आमचं असायचं. पाण्यात हातभर लांबीच्या बोटी आणि काठावर रिमोट धरून उभे असलेले, चाळिशी उलटलेले सात गृहस्थ. मी मंडळाचा चिटणीस.

त्या वर्षी आमच्या बोटींत ब्रशलेस मोटरी आल्या. या मोटरीला टायमिंग लावावं लागतं. ते कसं, हे आम्हाला आलोशियस अंकलनी शिकवलं. अंकल पाचूबंदरचे. तीस वर्षं मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करून नुकतेच घरी बसले होते.

"मासा जिथं हाय तिथं जाळं टाकलं तर शेपटी पन गावत नाय," ते म्हणाले. "जिथं येनार तिथं टाकायचं. करंटचं पन तसंच. चुंबक फिरून यायच्या जरासा आधी पोचला पायजे. तो 'जरासा' म्हनजे टायमिंग."

रिमोटची कांडी पुढे ढकलून बॅटरी जोडली की बोटीतून बीप वाजतात. पहिल्या बीपवर कांडी मागे ओढली तर टायमिंग कमी, दुसऱ्यावर मध्यम, तिसऱ्यावर जास्त. जास्त लावलं की बोट सुसाट पळते आणि मोटर तापते. अंकल दोन लावायचे, एक फेरी मारायचे, मोटरीवर तळवा ठेवायचे आणि "बेस" म्हणायचे.

घोटाळा झाला तो माझ्या दाढेमुळे. स्पर्धेसाठी जलाशय सुशोभीकरण व जलक्रीडा नियमन कक्षाची परवानगी लागे. अर्ज दर वर्षी मीच भरायचो. त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो आणि अर्ज भरायला अंकल गेले. रकाना क्रमांक नऊ होता 'टायमिंग'. अंकलनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'दोन बीप'.

खिडकीत सिद्धेश नावाचा लिपिक होता. "दुपारी दोन ना? मग 'वाजता' लिहा."

"दुपारी नाय. मोटरीचं टायमिंग."

अंकलना कोणी काही विचारलं की ते पूर्ण समजावून सांगत. माशापासून चुंबकापर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. सिद्धेशने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे करंट वेळेच्या आधी पोचतो?"

"हां."

"परवानगी न घेता?"

प्रकरण कक्षप्रमुख संपदा गोगटे यांच्याकडे गेलं. गोगटेबाई अत्यंत कर्तव्यदक्ष. अकरा वर्षांच्या सेवेत त्या स्वतः एकदाही वेळेआधी कार्यालयात आल्या नव्हत्या. त्यांनी चिटणीस म्हणून मला बोलावलं. माझा गाल पेरूएवढा सुजलेला.

"सातही बोटींचं टायमिंग सारखं आहे का?"

मी मान हलवली. नाही.

"म्हणजे सार्वजनिक पाण्यात काही बोटींना जास्त आणि काहींना कमी?"

मी मान हलवली. हो. ते ज्याच्या त्याच्या मोटरीवर ठरतं, हे मला सांगायचं होतं. पण बधिर जिभेवरून 'मोटर' हा शब्द काही बाहेर पडेना. एकेका बोटीचे बीप तेवढे मी हाताची बोटं वर करून सांगितले.

तिसऱ्या दिवशी परिपत्रक आलं. 'सभासदांमधील टायमिंगविषयक विषमता दूर करण्याच्या हेतूने सातही बोटींच्या बीपांची सरासरी काढण्यात आली आहे. बेरीज सतरा, भागिले सात, उत्तर दोन पूर्णांक त्रेचाळीस शतांश. कार्यालयीन सोयीसाठी ते अडीच धरण्यात येत आहे. प्रत्येक बोटीस अडीच बीप लावून तसे प्रतिज्ञापत्र सादर करावे.'

मंडळाची तातडीची सभा भरली. आमच्यात ॲन्सेल्म सर होते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे.

"अर्धा बीप असा प्रकार नसतो," ते ठामपणे म्हणाले. "बीप वाजतो किंवा वाजत नाही."

"मग तसं लिहून देऊ या?" मी विचारलं.

"लिहून कशाला द्यायचं? ते शास्त्र झालं. आपल्याला स्पर्धा घ्यायची आहे."

शनिवारी सिद्धेश नोंदवही घेऊन बावखलावर आला. एकेकाने बॅटरी जोडायची, बीप ऐकायचे आणि 'मला अडीच बीप ऐकू आले' या वाक्याखाली सही करायची. पहिली सही ॲन्सेल्म सरांनी केली.

"अर्धा स्पष्ट होता का?" सिद्धेशने विचारलं.

"किंचित हळू. पण स्पष्ट."

मग रांगच लागली. माझी पाळी आली तेव्हा सूज उतरली होती आणि जीभ मोकळी झाली होती. मी सही केली, वर "माझ्या बोटीत अर्धा जरा मंजूळ वाजतो" असंही म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी अंकल.

"मना दोन आयकू आले," ते म्हणाले.

"नीट ऐका."

पुन्हा बॅटरी जोडली. अंकलनी डोळे मिटून कान बोटीला लावला. "दोन. मंग तीन. मधे काय नाय."

"अंकल, बाकी सहा जणांना ऐकू आलंय. सरांना आलंय! इंजिनांपाशी राहून तुमचे कान गेले असतील."

"इंजिनापाशीच तर कान तयार झाले, बाबा."

सिद्धेशने त्यांच्या नावापुढे 'श्रवणदोष' लिहिलं. अंकल स्पर्धेतून बाद. मात्र कक्ष सहृदय असल्याने, बंद पडलेल्या बोटी गोळा करणाऱ्या होडीवर त्यांची नेमणूक झाली. अंकलनी आपली बोट टॉवेलात गुंडाळली. तिच्यावर त्यांच्या पत्नीने, मेरी आंटींनी, निळ्या रंगाने नाव काढलं होतं. ते टॉवेलाबाहेर राहू नये म्हणून अंकलनी टोक दोनदा दुमडलं. मग माझ्याकडे बघितलं.

"विघ्नेश, तू पन आयकलास?"

मी केळीच्या पानांकडे बघत म्हणालो, "थोडासा."

रविवार उजाडला. आता अडीचातला अर्धा खाली सोडायचा की वर धरायचा, याचा परिपत्रकात उल्लेख नव्हता. मी गुपचूप तीन लावले. इतर पाच जणांनीही तेवढ्याच गुपचूप तीनच लावले, हे मागाहून कळलं.

पहिली फेरी डोळ्यांचं पारणं फेडणारी झाली. वाडीवाले पाण्याचा पंप बंद करून बघायला आले. दुसऱ्या फेरीत जळका वास आला. तिसऱ्या फेरीत माझ्या बोटीतून उदबत्तीसारखा धूर निघाला, मग सरांच्या, आणि पाहता पाहता सहाही बोटी बावखलाच्या मधोमध गप्प झाल्या. काठावर गोगटेबाई करंडक घेऊन उभ्या होत्या.

अंकल निवांत होडी वल्हवत गेले. एकेक बोट उचलून त्यांनी होडीत ठेवली, प्रत्येक मोटरीवर तळवा धरला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग वळून काठाकडे आले. वाटेत अंतिम रेषा होती. होडीने ती ओलांडली आणि सिद्धेशने कर्तव्य म्हणून शिट्टी फुंकली.

अहवालात नोंद झाली : 'सर्व सहा बोटींनी अंतिम रेषा एकाच क्षणी पार केली.' गोगटेबाईंना भरून आलं. "समान टायमिंगचा इतका स्वच्छ निकाल मी आयुष्यात पाहिला नव्हता," त्या म्हणाल्या. आम्हा सहाही जणांना पहिला क्रमांक विभागून देण्यात आला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आणि या होडीचं टायमिंग काय होतं?" सिद्धेशने अंकलना हटकलं.

"पाठ दुखेस्तोवर," अंकल म्हणाले आणि वल्ही उचलून निघून गेले.

बुधवारी जळकी मोटर पिशवीत घालून मी लपतछपत पाचूबंदरला गेलो. अंकलच्या शेडबाहेर बाकावर पाच माणसं पिशव्या मांडीवर घेऊन एकमेकांकडे न बघता बसली होती. ॲन्सेल्म सरांनी सरकून मला जागा दिली. सगळ्यांच्या मोटरी अंकलनी ठीक केल्या आणि सगळ्यांना दोन बीप लावून दिले.

ते स्वतः आता बोट सोमवारी सकाळी सोडतात. सोमवारी तिथे स्पर्धा नसते, त्यामुळे नियमही नसतो. मेरी आंटी काठावर बसून मटार सोलतात, आणि बोट अशी पळते की आम्हाला रजा टाकून बघायला जावंसं वाटतं.

इकडे कक्षाचा उत्साह वाढला. 'अर्धा बीप श्रवण दाखला' आता प्रत्येक अर्जाला जोडावा लागतो, मग तो नळजोडणीचा असो, गच्चीवरच्या शेडचा असो की सत्यनारायणाच्या मांडवाचा. खिडकीपाशी एक लहानसं यंत्र ठेवलंय. ते वाजत नाही. लोक कान लावतात, मान डोलावतात, सही करतात. आजवर चार हजारांवर दाखले दिले गेलेत. नाकारला गेलेला मनुष्य एकच.

तुम्ही हसताय, ते दिसतंय मला. जरा तुमची कागदपत्रांची फाईल काढा. नळजोडणीच्या पावतीमागे जोडलेला दाखला बघा. सही तुमचीच आहे ना?