टिकाराम मास्तरांच्या अखंड नोट्स

टिकाराम मास्तरांच्या नोट्सवर पानांचे नंबर नसायचे. कोणी विचारलंच, तर ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "ज्ञान अखंड आहे. त्याले आकडे कायचे लावता?" मथळेही नसायचे. मथळा दिसला की पोरगं तेवढंच वाचून पान उलटतं, असा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता. इतिहास, विज्ञान, कला आणि यंत्रविद्या, मॅट्रिकच्या पोराला लागेल ते सगळं चोवीस पानांत, एका दमात. कटंगीच्या त्या हायस्कुलात पुस्तकं कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली हरवलेली होती. ती शोधायची कोणाला गरजच पडली नाही, एवढ्या त्या नोट्स भारी.

एकसष्ट सालची गोष्ट. जुने हेडमास्तर दोन वर्षांपूर्वी पेन्शनीत निघून तुमसरला मुलाकडे गेले होते, तेव्हापासून टिकाराम मास्तर प्रभारी. आता हे प्रभारीपण म्हणजे लग्न ठरलंय पण तारीख निघत नाही, असली गत. खुर्चीवर बसायचं, पण टेकून नाही. सही करायची, पण खाली कंसात 'प्रभारी' लिहायचं. त्या कंसानं मास्तर पार खंगले होते. त्यांनी तर 'टिकाराम, बी.ए., बी.टी., हेडमास्तर' अशी पाटी पेंटरकडून रंगवून आणून घरी ट्रंकेमागे लपवून ठेवली होती. बायको मैनाबाई दर शनिवारी ती पुसायची आणि दर शनिवारी विचारायची, "यंदा तरी लागन का हो?"

यंदा लागणार होती. फेब्रुवारीत बालाघाटहून इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला यायचे होते आणि तेच ठरवणार होते, की खुर्ची टिकाराम मास्तरांना द्यायची का जबलपूरहून कोणी आणायचा. मास्तर निर्धास्त होते. नोट्सचा नवा संच त्यांनी स्टेन्सिलवर स्वतःच्या हातानं कोरला, सायक्लोस्टाईलच्या यंत्रावर साठ प्रती काढल्या आणि शाई वाळायला चोवीस गठ्ठे घराच्या ओट्यावर ओळीनं मांडले. फक्त टाचण्या नव्हत्या. शाळेनं टाचण्यांची मागणी बालाघाटला पाठवून सात महिने झाले होते आणि तिकडून उलट विचारणा आली होती, की मागच्या टाचण्यांचं काय केलं.

शेजारी शेवंताबाई राहायची. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावण्यात तिचा हात धरणारं कटंगी ते तिरोडी कोणी नव्हतं. लग्नसराईत हजार हजार पत्रावळ्या एकटी टोचायची, बांबूच्या बारीक काडीनं, आणि एकीतूनही वरणाचा थेंब खाली पडायचा नाही. मास्तरांना वाटलं, हिच्यापेक्षा चांगलं टोचणारं आपल्याला कोण मिळणार? तेव्हा त्यांना साहेबांना आमंत्रण द्यायला बालाघाटची बस धरायची होती. बस पिंपळाखाली उभी राहून कोकलत होती. त्यांनी शेवंताबाईला ओटा दाखवला आणि सांगितलं, की प्रत्येक गठ्ठ्यातलं एकेक पान घ्यायचं आणि काडीनं टोचायचं, साठ जुड्या करायच्या.

शेवंताबाई कामात पक्की. तिनं विचारलं, "हौ, पण कोणतं पान वर अन् कोणतं खाली?"

मास्तर धोतराचा सोगा सावरत धावता धावता म्हणाले, "तुमच्या पत्रावळीले लावता तसंच लावा!"

बाईला अक्षर येत नव्हतं, पण पान कळत होतं. पत्रावळीत बाहेरच्या बाजूला जाड, भरीव पान लागतं, मधे रुंद लागतं आणि विरलेलं, फाटकं पान दोन चांगल्यांच्या मधे दडवावं लागतं. तिनं चोवीस गठ्ठे नीट निरखले. नक्षीची चौकट आणि मोठं नाव असलेलं पान सगळ्यांत वर ठेवलं, कारण पाहुण्यासमोर देखणी बाजू यावी. काळ्याभोर शाईची पानं वर आणि खाली घेतली, चित्रांची मधोमध, आणि यंत्र कोरडं पडल्यावर निघालेली फिकट पानं त्यांच्यात दडवली. एकदा ठरवलं की ठरवलं. साठच्या साठ जुड्या एकाच क्रमानं लागल्या, एका पानाचा फरक नाही. असं काम छापखान्यातसुद्धा होत नाही, हे मी खोटं सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर परतले. वरचं पान पाहिलं, त्यावर स्वतःचं नाव पाहिलं, आणि समाधानानं एक जुडी साहेबांना भेट म्हणून बालाघाटला रवाना केली. बाकीच्या वर्गात वाटल्या. आत त्यांनी पाहिलंच नाही. स्वतः लिहिलेलं माणूस कशाला वाचेल? आणि नोट्स दिल्यावर पुन्हा शिकवणं म्हणजे नोट्सचा अपमान, हे त्यांचं मत तर अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं.

पाठांतर करून घ्यायचं काम खेमराज ड्रिलमास्तरांकडे दिलं. खेमराज मास्तरांचा विद्येशी संबंध एवढाच, की ते शाळेच्या आवारात राहत. पण शिट्टी त्यांच्याकडे होती. एक शिट्टी झाली की वर्ग एक परिच्छेद म्हणायचा, दोन झाल्या की तोच पुन्हा. ऐकून ऐकून खेमराज मास्तरांनाही सगळं पाठ झालं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला काही येतं म्हणून ते घरी बायकोलाही म्हणून दाखवू लागले. तीन आठवडे हे चाललं. एकदा फक्त वर्गातली हुशार मुलगी आनंदी उभी राहिली आणि तिनं विचारलं, की सर, शिपायांची वाफ कशी होईल? खेमराज मास्तरांनी तिला शांतपणे समजावलं, की परीक्षेत वाफ विचारली तर वाफ लिहायची, आपण आगाऊपणा करायचा नाही. मुलगी गुणी होती, बसली.

तपासणीच्या दिवशी सकाळी टिकाराम मास्तर इस्त्रीचा कोट घालून शाळेत आले. ट्रंकेमागची पाटी मैनाबाईनं आज पुसून थेट दाराशी आणून ठेवली होती. फाटकाबाहेर धूळ उडवत साहेबांची जीप थांबली, आणि त्याच वेळी शेवटची उजळणी म्हणून आतून शिट्टी वाजली. वर्ग एका सुरात म्हणाला:

"दहा मे रोजी मेरठला उठाव झाला. दिल्लीला पोहोचताच शिपायांची शंभर अंशाला वाफ होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. थंड झाकण लागताच तिचे थेंब अजिंठ्याच्या भिंतींवर आजही टवटवीत दिसतात. त्यांतला पिवळा रंग मातीचा असून त्यात दर सहा महिन्यांनी तेल न घातल्यास बेअरिंग जळते."

 टिकाराम मास्तरांनी धावत वर्गात जाऊन पहिल्या बाकावरची जुडी उचलली आणि उलटली. एका पानावर सत्तावन्नचा उठाव, पुढच्यावर पाणी, पुढच्यावर अजिंठा, पुढच्यावर तिरोडीच्या खाणीतला पंप. आता कुठे त्यांच्या डोक्यात पत्रावळ उजाडली. ते खेमराज मास्तरांवर खेकसले, की काहून सांगितलं नाही? खेमराज मास्तर भाबडेपणानं म्हणाले, "तुमचं नाव होतं नं वरतं."

विसरा, सगळं विसरा, असं मास्तरांनी वर्गाला सांगून पाहिलं. पण तीन आठवड्यांचं पाठांतर म्हणजे काही फळ्यावरचं गणित नाही, फडकं फिरवलं की गेलं. आणि तोवर साहेब दारात आले होते.

साहेबांनी नमस्कार घेतला, खुर्चीवर बसले आणि बगलेतून बांबूच्या काडीनं टोचलेली जुडी काढली. मास्तरांनी पाठवलेलीच. साहेबांनाही पुस्तक उघडून बरीच वर्षं झाली होती, म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला होता. जुडीत पाहून प्रश्न विचारायचा आणि उत्तर जुडीत बोटानं जुळवायचं. त्यांनी आनंदीला उभं केलं आणि सत्तावन्नचा उठाव विचारला.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांना आपली पाटी दिसली, तिच्यावरून 'हेडमास्तर' हा शब्द वाफ होऊन चाललेला दिसला. आनंदी मेरठहून निघाली, दिल्लीत शंभर अंशांवर गेली, अजिंठ्याला उतरली आणि बेअरिंगपाशी येऊन थांबली. साहेबांचं बोट तिच्या बरोबर ओळ न चुकता सरकत होतं.

"शाब्बास. एक शब्द नहीं छूटा."

मग दुसरा पोरगा, मग तिसरा. सगळे अचूक. साहेबांचा चेहरा खुलत गेला. मास्तरांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. देवच पावला म्हणायचा! आज दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भिंतीला पाठ टेकवली आणि उद्यापासून कंस लिहायचा नाही, असं मनाशी पक्कं केलं.

पण साहेबांना मोह आवरला नाही. वर्ग एवढा तयार, तर मास्तर किती तयार असेल! त्यांनी हसत हसत म्हटलं, की आता गुरुजींच्याच तोंडून एकदा ऐकू या.

इथं खरी पंचाईत झाली. नोट्स मास्तरांनी लिहिल्या होत्या, पाठ थोड्याच केल्या होत्या? त्यांना बिचाऱ्यांना खरा इतिहास तेवढा येत होता. ते उठले आणि मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी, तारखांसकट सगळं धडाधड सांगून गेले. बावीस वर्षांत इतकं चांगलं त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. साहेबांचं बोट मात्र दिल्लीलाच अडकलं होतं.

"और भाप?" साहेबांनी विचारलं.

"वाफेचा इथं संबंध येत नाही, साहेब."

"और तेल कितने महीने में डालना है?"

मास्तर दोन्हीकडून अडकले. नोट्स चुकल्या म्हणावं, तर नोट्सवर नाव त्यांचं, चौकटीत, नक्षीसकट. नोट्स बरोबर म्हणावं, तर ते स्वतः चुकले. ते कोटाचं बटण पिळत उभे राहिले. तेवढ्यात मागून खेमराज मास्तरांना राहवलं नाही. त्यांनी छाती काढून, टाचा जुळवून, मेरठपासून बेअरिंगपर्यंत सगळं एका श्वासात म्हणून टाकलं, आणि सवयीनं शेवटी शिट्टीही वाजवली.

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं आणि वाचूनही दाखवलं: "बच्चे तैयार हैं. मास्टर तैयार नहीं." खुर्ची खेमराज ड्रिलमास्तरांना मिळाली. संध्याकाळी ते पेढे घेऊन टिकाराम मास्तरांच्या घरी आले आणि संकोचानं म्हणाले, की पाटी तयारच आहे असं ऐकलं, नाव तेवढं बदलून घेऊ. मैनाबाईनं पाटी दिली, पुसून.

मास्तर ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. रडू येत होतं, पण कोणावर रडावं ते कळत नव्हतं. इतक्यात शेवंताबाई आली, तोंड भरून हसत. जाता जाता साहेबांनी तिच्या दारी जीप थांबवून जुडीची बांधणी फार वाखाणली होती आणि जिल्ह्यातल्या सगळ्या हायस्कुलांसाठी अशाच पाचशे जुड्या लावायचं काम तिला सांगून गेले होते, याच क्रमानं, एक पान इकडचं तिकडं न करता.

मास्तरांनी मान खाली घातली. बाईला वाटलं, आपलं काम पसंत पडलं नाही. ती जवळ येऊन समजुतीनं म्हणाली, "मास्तर, पुढच्या वर्षी पानं जरा जाड आणजा. माह्या हातानं चूक नाही झाली. पण हे पातळ होते, यात वरण नसतं टिकलं."