फिनलंडचा फेटा

"समदं खरं, पन शाल घालायची कुनाच्या अंगावर?" आप्पासाहेबांनी पंकजला विचारलं.

प्रश्न रास्त होता. कोल्हारजवळच्या त्या महाविद्यालयात 'उच्च शिक्षणाचे आंतरराष्ट्रीयीकरण' या विषयावर परिषद भरली होती. सभागृह गच्च होतं. मंचावरच्या टेबलावर शाल, श्रीफळ, फेटा आणि सन्मानचिन्ह मांडलं होतं. आणि ज्यांचा सत्कार करायचा ते मोठे शिक्षणतज्ज्ञ प्राध्यापक कोस्केला फिनलंडमध्ये स्वतःच्या घरी बसून मागच्या पडद्यावरून सगळ्यांकडे बघत हसत होते.

"आधी भाषण घेऊ या का, आप्पासाहेब?" पंकज म्हणाला. "त्यांना लवकर निघायचंय. तिकडं दुसरी मीटिंग आहे."

"सत्काराच्या आधी भाषन? च्या बी न पाजता कामाला लावलं म्हनंल की पाव्हना!"

पंकज इंग्रजीचा प्राध्यापक होता, पण तासिका तत्त्वावरचा. म्हणजे जितके तास शिकवले तितकेच पैसे, आणि उन्हाळा आला की घरी. मुलगी पाहायला गेला की मुलीचे वडील त्याची पीएच.डी. बाजूला सारून एवढंच विचारत, "कायम आहात का?" त्यावर पोहे खाऊन परत येणं एवढंच त्याच्या हाती उरे. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी मात्र यंदा त्याला उघड शब्द दिला होता. "त्या फिनलंडवाल्यांशी करार कर, मला येकदा तिकडं सत्काराला ने. मी तुला कायम करतो." आप्पासाहेबांचे साडू दुबईला जाऊन आले होते आणि प्रत्येक लग्नात जेवताना ते दुबई वाढत. आप्पासाहेबांना त्याचा फार त्रास होई.

प्राचार्य विजयमाला मॅडमनी पडद्यालाच शाल पांघरायचं सुचवलं. तसं करून पाहिलं तर अख्खं फिनलंड झाकलं गेलं. फेटा बांधणारा तर कापड हातात धरून पडद्याकडे बघतच राहिला. "डोकं कुठंय?" तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

"पाहुण्यांच्या जागी कुणाला तरी बसवू," पंकज घाईघाईने म्हणाला. "प्रतिनिधी म्हणून. सत्कार त्याचा, मान पाहुण्यांचा." ही कल्पना आपण का काढली, याचा विचार त्याने पुढे बरेच दिवस केला.

आप्पासाहेबांना कल्पना एकदम पसंत पडली. सभागृहात अंगावर कोट असलेला माणूस एकच होता, तो म्हणजे ग्रंथपाल भागवत सर. त्यांना हाताला धरून 'प्रा. कोस्केला' लिहिलेल्या खुर्चीत बसवलं. फेटा चढला, शाल आली, नारळ आला. भागवत सरांची नोकरी संपत आली होती आणि आजवर त्यांना साधं गुलाबाचं फूलही कुणी दिलं नव्हतं. सन्मानचिन्ह हातात पडताच त्यांचे डोळे भरून आले. सत्कार आपला नाही, हे बहुधा तेव्हाच त्यांच्या मनातून निघून गेलं.

"आता सत्काराला उत्तर," असं म्हणत ते माइकपाशी गेले.

पंकज मंचावर धावला. "सर, उत्तर पडद्यावरून यायचंय!"

"देतो ना त्यांच्या वतीनं," भागवत सर म्हणाले आणि पहिलीच्या गुरुजींपासून सुरुवात केली. गुरुजी झाले, आई झाली, ग्रंथालयातलं गळकं छप्पर झालं. पंकजचा पाय टेबलाखाली शिलाई मशीनवर असल्यासारखा चालू होता. पडद्यावर कोस्केला घड्याळ बघत होते आणि पंकज त्यांना एकामागून एक क्षमायाचनेचे संदेश धाडत होता. तेवढ्यात साखर कारखान्याचे संचालक श्रीमंतराव उशिरा आले. पुढाऱ्याने वेळेवर आलेलं लोकांनाही बरं वाटत नाही. त्यांनी पहिल्या रांगेत बसून थोडा वेळ भाषण ऐकलं आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

"फिनलंडचा मानूस मराठी कसलं बोलतोय बघा! आन आमच्या पोरास्नी धड दोन वाक्यं जमत न्हाईत."

मग त्यांना राहवेना. उठून त्यांनी भागवत सरांना आपल्याकडचा हार घातला. ते पाहून सरपंचांनी घातला, सोसायटीच्या चेअरमननी घातला. आपण मागे राहिलो असं कुणालाच वाटून घ्यायचं नव्हतं. हारांत बुडालेल्या भागवत सरांनी प्रत्येकाचे वेगळे आभार मानले.

शेवटी माइक पडद्याकडे आला तेव्हा कोस्केलांची निघायची वेळ झाली होती. सगळं बुडालं, असं पंकजला वाटलं. तो डोळे मिटून ऐकू लागला. पण कोस्केला भलतेच खूश होते. ते इंग्रजीत म्हणाले की, जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांनी परिषदांसाठी विमानं उडवणं कमी करावं म्हणून मी कितीतरी वर्षं ओरडतो आहे. तज्ज्ञ मंडळी माना हलवतात आणि पुढच्या विमानात बसतात. पाहुण्याला घरी ठेवून त्याचा इतका भरघोस सत्कार करायची युक्ती मात्र मी आजच पाहिली. करार मंजूर! शिवाय येत्या शरद ऋतूत देशोदेशींचे शिक्षणतज्ज्ञ आमच्याकडे जमतील, तेव्हा आम्ही तुमच्या अध्यक्षांचा सन्मान करू.

पंकजने एवढं मराठीत सांगितलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पासाहेबांनी रुमाल डोळ्यांना लावला.

कोस्केला पुढे म्हणाले, "अर्थात तुमच्याच पद्धतीनं. अध्यक्षांनी इतक्या लांब यायची मुळीच गरज नाही."

पंकजने आप्पासाहेबांकडे पाहिलं. ते मनाने फिनलंडला पोचले होते; चेहऱ्यावर आत्ताच बर्फ पडायला लागला होता.

"काय म्हनतोय रं?"

"सगळ्यांचे आभार मानतायत," पंकज म्हणाला.

त्यानंतर त्याला धड झोप नाही. आप्पासाहेबांनी नगरच्या कापड बाजारातून ओव्हरकोट आणला. पासपोर्ट निघाले. साडूंना तर त्याच संध्याकाळी फोन गेला होता. पंकज दर आठवड्याला खरं सांगायचं ठरवून आप्पासाहेबांच्या घरी जाई, आणि त्यांच्या पत्नी जयमालाकाकू ताट वाढून विचारत, "पंकज, तिकडं शेंगदान्याची चटनी निऊ देत्यात का रे?" तेवढ्यावर त्याचं अवसान गळे.

मध्ये त्याने कोस्केलांना लिहून पाहिलं. आमचे अध्यक्ष मनाने फार मोठे आहेत, स्वतः यायलाही तयार आहेत, असं सुचवलं. लगेच उत्तर आलं की, हा त्यांचा मोठेपणाच, पण पर्यावरणासाठी त्यांनी घालून दिलेला पायंडा त्यांच्याच सत्काराला मोडणं आम्हाला शोभणार नाही.

ऑक्टोबरच्या रणरणत्या दुपारी फिनलंडहून फोटो आला. लपवण्यात आता अर्थ नव्हता. पंकज मोबाईल घेऊन आप्पासाहेबांच्या घरी गेला. सवय व्हावी म्हणून ते ओव्हरकोट घालून ओट्यावर घाम पुसत बसले होते.

फोटोत मोठं सभागृह होतं. मंचावर आप्पासाहेबांच्या नावाची पाटी, पाटीमागे खुर्ची आणि खुर्चीत तांबड्या दाढीचा एक दांडगा माणूस. त्याच्या गळ्यात पदक होतं आणि देशोदेशींचे शिक्षणतज्ज्ञ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आप्पासाहेबांनी फोटो मोठा केला, बारीक केला, पुन्हा मोठा केला.

"ह्यो कोन?"

"हे तुम्हीच आहात, आप्पासाहेब."

मग पंकजने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. जयमालाकाकू चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "दाढी शोभतीया की तुमाला," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

आप्पासाहेब चिडतील, ओरडतील, मोबाईल अंगणात भिरकावतील असं पंकजला वाटलं होतं. त्यातलं काहीच झालं नाही. त्यांनी शांतपणे एकेक बटण सोडून ओव्हरकोट काढला आणि घडी करून बाजूला ठेवला.

"ही कल्पना तुजीच ना?"

"माझीच."

"झ्याक हाय. आता आपला शब्दबी पुरा केला पायजे. करार झाला, सत्कारबी झाला. तुला कायम करतो. उद्याच आर्डर काढाया सांगतो."

पंकजला क्षणभर खरंच वाटेना. इतकी वर्षं छातीवर असलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं. तो वाकून पाया पडू लागला, तसे आप्पासाहेबांनी त्याला खांदे धरून मायेने वर उठवलं.

"फकस्त कालेजात यायची तसदी घिऊ नको," ते म्हणाले. "तुज्या खुर्चीत आमचा भाचा बसंल. फोटो धाडतो तुला."