ठोकून बघणारे अण्णा

समस्त नाशिककरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की आमच्या शेजारचे निवृत्तीअण्णा हातात हातोडी घेऊन आपल्या दिशेने येताना दिसल्यास कोणीही पळापळ करू नये. पोलिसांना फोन करू नये. अण्णा मारत नाहीत. ते फक्त ठोकून बघतात.

काहीही ठोकतात. कलिंगड, दाराची चौकट, गॅसचं सिलिंडर. मी नवी गाडी घेतली त्या दिवशी त्यांनी बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि "आवाज खोटाय" असा निकाल दिला. बायकोने पुढे केलेला पेढ्यांचा डबा तसाच मागे घेतला. मत मागायला आलेल्या एका उमेदवारावर मात्र त्यांनी हातोडी उचलली नाही. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बायकोच्या, इंदूकाकूंच्या कानाशी वाकून ते कुजबुजले, "ठोकायची गरज नाही. लांबूनच खोटा वाजतोय." अण्णांची कुजबुज दोन गल्ल्या ओलांडते. जन्मभर लोखंडावर हातोडी मारून आवाज चढलाय, अशी आमची समजूत.

हे लोखंड म्हणजे एकलहऱ्याच्या बाजूचा, नाल्यावरचा इंग्रजांच्या काळातला पूल. दोन बसगाड्या मागेपुढे उभ्या राहतील, एवढाच लांब. अण्णांनी अख्खी नोकरी त्याच्या देखभालीत काढली आणि नावातच निवृत्ती असूनही नोकरी संपल्यावर तिथे जायचे काही थांबले नाहीत. रविवारी सकाळी सगळं नाशिक मिसळ खायला निघतं. अण्णा आणि काकू चहाचा थर्मास घेऊन पूल तपासायला निघत. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही.

मग शेजारी सिमेंटचा नवा पूल झाला आणि बांधकाम खात्याने जुन्यावर पाटी लावली: जो कोणी हा पूल नेऊन दुसरीकडे पुन्हा उभा करेल आणि लोकांच्या वापरात आणेल, त्याला तो फुकट. दोन महिन्यांत कोणी आलं नाही, तर भंगारात.

त्याच संध्याकाळी अण्णा माझ्या दारात.

"लिहा, साहेब. पूल देणे आहे."

वसाहतीतल्या सगळ्यांचे अर्ज मीच लिहितो, त्यामुळे ही जाहिरातही मीच लिहिली. ती फोनवरून कुठे कुठे फिरली देव जाणे, पण गिऱ्हाइकं आली.

पहिला आला द्राक्षबागेतल्या एका रिसॉर्टचा मालक. काळा चष्मा डोक्यावर. बैठक अण्णांच्या घरी, काकू मध्ये बसलेल्या. समोरच्याचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणायची काकूंना सवय.

"पुलावर लायटिंग करू, अण्णा. लग्नाआधी जोडपी येतील, फोटो काढतील."

"फोटो काढतील म्हणतायत!" काकू.

"आणि पुलावरून जातील कुठे?" अण्णांनी विचारलं.

"जायचं कुठे? फोटो काढायचा आणि मागे फिरायचं."

"मागे फिरायचं म्हणतायत!"

"मग पूल कशाला पाहिजे? खुर्ची ठेवा!"

दुसरा लासलगावचा कांद्याचा व्यापारी. हसरा गडी. "ह्याची कांदाचाळ लय झकास होईल बघा. हवा खेळती राहील."

"कांदे ठेवणार म्हणतायत!"

"कांदे काय नाला ओलांडून चाललेत का?" अण्णा गरजले. व्यापारी पोट धरून हसला आणि जाताना म्हणाला, "पूल नका देऊ, पण गाड्याबिड्या लागल्या तर सांगा."

मुदतीचे आठ दिवस उरले. अण्णा आता काहीच ठोकेनात. वसाहत काळजीत पडली.

आणि पेठकडच्या डोंगरातून तीन बाया आल्या. पुढची हिराबाई, गावची सरपंच. ती म्हणाली, "पावसात आमचा पाडा तुटतो. पोरी ओंडक्यावरून शाळेत जात्यात. आजारी बाईला झोळीत घालून न्यावं लागतं."

काकूंनी सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. अण्णांनी संशयाने विचारलं, "फोटो काढणार?"

"फोटो कशाला, बाबा? आमाला पल्याड जायाचं हाय."

अण्णांनी हातोडी टेबलावर ठेवली. "अगं, चहा टाक."

खात्याची एक अट होती. सैल रिव्हेटांची, म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या जाड खिळ्यांची, यादी द्या, मगच परवानगी. ती यादी करायला रविवारी मीही वही घेऊन गेलो. अण्णा पोलादी पट्टीच्या या बाजूला, काकू त्या बाजूला. हातोडी पडली. टण्ण! मी अण्णांच्या कानाकडे बघत होतो आणि अण्णा बघत होते काकूंच्या तोंडाकडे.

काकूंनी रिव्हेटाच्या पलीकडच्या डोक्यावर बोट ठेवलं होतं. त्यांनी मान डोलावली. "पक्का," अण्णा म्हणाले. पुढचा ठोका. सैल रिव्हेट बोटाखाली थरथरतो. काकूंच्या भुवया वर गेल्या. "आवाज खोटाय. लिहा."

तेवढ्यात सवयीने जुन्याच पुलावर शिरलेला एक ट्रॅक्टर मागून कर्कश हॉर्न देत आला. मी टुणकन उडालो. अण्णा जागचे हलले नाहीत. काकूंनी धावत येऊन त्यांना कोपराला धरून कडेला घेतलं, आणि माझ्याकडे बघून तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

मी वहीत डोकं घातलं. म्हणजे ते कलिंगड, ते सिलिंडर... म्हणजे माझ्या गाडीचा आवाज खोटा नव्हता! आणि हे बायकोला सांगायची सोय नव्हती.

चहा ओतताना काकू हळूच म्हणाल्या, "घरी मी ओरडते, ते चिडतात, मग दोघंही गप्प. इथे ओरडावं लागत नाही हो. आता रविवारी काय करायचं, कोण जाणे."

"मग पूल लांब कशाला पाठवताय?"

"तुकडे झालेले त्यांना बघवणार आहेत का? राहू दे कोणाच्या तरी पायाखाली."

यादी छोटीच निघाली. परवानगी मिळाली. कांदेवाल्याने खरंच दोन ट्रेलर धाडले. जोडांवरचे रिव्हेट कापून बोल्ट लावले आणि पावसाच्या आधी पूल पाड्याच्या नाल्यावर उभा राहिला.

उद्घाटनाला नारळ फुटायच्या आत एक म्हैस पलीकडे निघून गेली. तिच्यामागे पोरी. मग हिराबाई अण्णांपुढे आली. "दर पावसाआधी ह्याला कोण बघणार? तुमी आन काकूंनीच यायाचं. दर महिन्याला आलात तरी भाकर आमची."

काकूंनी ते मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवलं आणि शेवटी स्वतःचंही जोडलं, "माझे गुडघे, त्यात घाटातली एसटी. तुम्ही एकटेच येत जा."

अण्णा काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. मग वाकून त्यांच्या कानाशी आले आणि कुजबुजले. सगळ्या पाड्याने माना वळवल्या. पलीकडे गेलेल्या म्हशीनेसुद्धा मान वळवली.

"अगं, हो म्हण ना! तुझ्या बोटाशिवाय मला काहीच ऐकू येत नाही!"